सीमेवरची वीज आणि विजेची विद्या

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर व पांढुर्णा हा मराठी भाषकांचा टापू मध्य प्रदेशात राहिला. या घटनेचा विचार आपण बहुधा साहित्य आणि शाळा यांच्या अंगाने करतो. वीजक्षेत्रात काम शोधणाऱ्या मुलांवरही तिचा परिणाम झाला, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत विवेचन त्या परिणामापुरते आहे.

कारागीर प्रशिक्षण योजना केंद्र सरकारने १९५० साली सुरू केली. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी असे व्यवसाय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकवावेत, अशी ती योजना. या संस्थांचा दैनंदिन कारभार १९५६ मध्येच राज्यांकडे सोपविण्यात आला. ज्या वर्षी नवी सीमा आखली गेली, त्याच वर्षी ही विद्याही राज्यांच्या हाती गेली! राज्याच्या संस्थेत त्या राज्याच्या रहिवाशांना प्राधान्य, हे ओघानेच आले. सौंसरहून नागपूर जवळ, परंतु विद्युत मंडळाचे मुख्यालय जबलपूरला, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर. जवळचे गाव परके झाले ते असे.

वस्तुतः विजेला या प्रदेशात तोटा नव्हता. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणीचे सातपुडा औष्णिक केंद्र १९६७ पासून चालू झाले; पहिल्या टप्प्यात ६२.५ मेगावॉटचे पाच संच. दक्षिणेला कोराडीचे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. सावनेरवरून नागपूरला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाने त्याची धुराडी पाहिली आहेत. संत्र्यांच्या बागांतील विहिरींवर विद्युत पंप बसले. सारणीच्या पहिल्या टप्प्यात राजस्थानचा वाटा होता, आणि पेंच नदीवरील तोतलाडोहच्या १६० मेगावॉटपैकी दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशाची, एक तृतीयांश महाराष्ट्राची ठरली. तोच न्याय प्रशिक्षणाच्या जागांना लावावा, असे सुचविणे काही अवघड नव्हते.

औष्णिक केंद्रांतील कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने नेयवेली (१९६५), दुर्गापूर (१९६८) व बदरपूर (१९७४) यांच्यामागोमाग १९७५ मध्ये नागपुरात संस्था काढली. आजच्या राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानाची ती शाखा होय. केंद्राची असल्यामुळे तिला राज्याची सीमा नव्हती. तथापि ती मुख्यतः अभियंत्यांची व केंद्रचालकांची. खांबावर चढणाऱ्या मुलाची सोय तिच्यात कोठून असणार?

आता भाषेकडे वळतो. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, अशी अपेक्षा घटनेत नोंदली गेली. प्राथमिक! मराठी शाळेत मूल ‘सुवाहक’ आणि ‘दुर्वाहक’ शिकते. पुढे हिंदी पुस्तकात त्यांचे ‘सुचालक’ आणि ‘कुचालक’ होतात. मराठी मुलाच्या लेखी चालक म्हणजे गाडी हाकणारा. तार कोणाला हाकते, असा त्याला प्रश्न पडला तर नवल नाही. मराठीतला ‘रोध’ हिंदीत ‘प्रतिरोध’ होतो. आणि प्रत्यक्ष कामावर ही दोन्ही परिभाषा बाजूला राहून ‘न्यूट्रल’, ‘अर्थिंग’, ‘परमिट’ असे इंग्रजी शब्द तोंडी बसतात. अन्य विद्यांत अशा गोंधळाने फार तर गुण कमी होतील. येथे मात्र ज्या तारेवर काम करावयाचे तिचा पुरवठा बंद केल्याचे लेखी परमिट हाती यावे लागते, तपासून पाहावे लागते, तार जमिनीशी जोडावी लागते. यांतला एखादा शब्द अर्धवट कळला, तर हात भाजतो किंवा जीव जातो. म्हणून मी हा प्रश्न भाषाभिमानाचा मानीत नाही. तो सुरक्षिततेचा आहे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यांवर व मंडळांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी टाकली. विद्यावेतन मिळू लागले, हे मोठेच काम झाले. मात्र ही वाट दहावीच्या मुलाला वेळेवर सांगायची कोणी? आपल्या शाळांतून डॉक्टर आणि मास्तर होण्याचा उपदेश भरपूर झाला. वीजतंत्र्याचे नाव मात्र क्वचितच निघाले.

२०२३ मध्ये हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याची केंद्राची योजना जाहीर झाली. त्यासाठी लागणारे काम छपरावरचे आहे, तारांचे आहे, आणि सौर पट्ट्यांतून येणारा प्रवाह उन्हात बटण बंद करूनही पुरता थांबत नाही, ही त्यातली नवी गोष्ट. ती आठवी-नववीच्या वर्गात, मराठीत, फळ्यावर आकृती काढून सांगता येते.