जळित-जखमांवरील मूलपेशी उपचार

त्वचेच्या तळच्या थरातील मूलपेशी (स्टेम सेल) वरची कातडी जन्मभर नव्याने घडवत असतात. वरवरचे भाजणे त्यामुळेच आपोआप भरून येते. भाजणे खोल असले की हा थर आणि केसांच्या मुळांशी असलेला मूलपेशींचा साठा दोन्ही जळतात. मग अंगावरची शाबूत कातडी सोलून जखमेवर लावावी लागते. ती पुरेशी उरलीच नसेल, तर ती प्रयोगशाळेत वाढवणे हा या उपचाराचा गाभा.

अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ साली ही वाट काढली. किरणांचा मारा करून विभाजन थांबवलेल्या उंदराच्या पेशींच्या अंथरुणावर माणसाच्या त्वचापेशी भराभर वाढतात, असे त्यांना आढळले. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून तीनेक आठवड्यांत अंगभर पुरेल इतकी त्वचा मिळू शकते. जेमतेम काही पेशी जाडीचा हा पापुद्रा विकराने (एन्झाइमने) बशीपासून सुटा करतात. सुटताच तो आक्रसतो, म्हणून व्हॅसलीन लावलेल्या जाळीवर धरूनच जखमेवर ठेवतात. १९८३ मध्ये वायोमिंगमधील पाच व सहा वर्षांची दोन भावंडे ९५ टक्क्यांहून अधिक भाजली होती. बॉस्टनमध्ये त्यांच्या जवळपास निम्म्या अंगावर अशी त्वचा बसवली गेली आणि दोघे वाचले.

पण ही कातडी अपुरीच. तिच्याखाली अंतस्त्वचा (कातडीचा आतला थर) नसते. घाम येत नाही, केस उगवत नाहीत, फोड लवकर येतात आणि जंतुसंसर्गात ती टिकत नाही. म्हणून काही ठिकाणी आधी मृत दात्याची त्वचा लावतात, तिचा वरचा थर खरवडतात आणि मग हा पापुद्रा चढवतात. मुंबईतील शीव रुग्णालय व ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथील त्वचापेढ्यांमध्ये अशी दात्यांची त्वचा साठवली जाते. तिचा मुख्य वापर मात्र तात्पुरते आच्छादन म्हणून होतो.

चरबी किंवा अस्थिमज्जेतील पेशी टोचण्याचा प्रकार निराळा. त्या स्वतः कातडी बनत नाहीत, दाह शमवणारी द्रव्ये स्रवतात. त्यांचा उपयोग अजून चाचण्यांपुरताच असून, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीबाहेर असे उपचार करणे गैर आहे. जाहिराती काहीही म्हणोत.

डोळ्याच्या जळितात यश अधिक ठोस आहे. आपल्याकडे पानाचा चुना डोळ्यांत उडून मुलांचे बुबुळ भाजते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंदर सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्यातील बुबुळाच्या कडेचे, मूलपेशी असलेले बारीक तुकडे गर्भवेष्टनाच्या पडद्यावर चिकटवून इजा झालेल्या डोळ्यातच वाढू देतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.