टर्बो गाडीचे चार्जिंग : बॅटरी बदलण्याआधी मोजमाप हवे

वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत अकोला आणि अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊ लागला, की मोटारींच्या बॅटऱ्यांची परीक्षा सुरू होते. जुनी टर्बो गाडी हौसेने दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो. सकाळी सेल्फ उचलत नाही म्हणून नवी बॅटरी बसविली जाते आणि महिन्याभरात तीही उतरते. अशा वेळी मूळ दोष बहुधा बॅटरीत नसतो; तो डायनमो (म्हणजेच अल्टरनेटर), अर्थिंग किंवा वायरिंग यांपैकी कोठेतरी दडलेला असतो. त्यामुळे खर्चाआधी मोजमाप, हा या दुरुस्तीचा पहिला नियम होय. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा ठरतो.

टर्बोलाच धोका अधिक का?

धुराड्याकडे जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बोचे चक्र फिरते आणि इंजिनात जादा हवा दाबून भरते. पेट्रोल इंजिनावर ताण असताना या वायूंचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या झळीने जवळच्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकते. डायनमोतील तांब्याचा विद्युतरोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणून तापलेला डायनमो कमी वीज देतो. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तर दर १० अंश वाढीमागे जवळपास निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

व्होल्टेज घसरले तर प्रश्न केवळ गाडी सुरू होण्यापुरता राहत नाही. पेट्रोल पंप मंदावतो, इंजेक्टर उघडण्यास वेळ लागतो आणि दाबाखालील मिश्रणात ठिणगी दुबळी पडते. जादा हवेला पुरेसे इंधन मिळाले नाही, तर अवेळी स्फोट होऊन पिस्टन निकामी होऊ शकतो. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढताना वेग कमी, पंखा व एसी सुरू आणि टर्बोवर ताण अशी स्थिती असते. चार्जिंगमधील छुपा दोष नेमका तेव्हा उघड होतो.

मोजमापाचा क्रम

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू केल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात. मात्र भर उन्हाळ्यात तापलेल्या बोनेटखाली अनेक रेग्युलेटर व्होल्टेज मुद्दाम कमी करतात, तेव्हा १३.५ दिसले म्हणून डायनमो बदलण्याची घाई करू नये. अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंगचे नियंत्रण संगणकाकडे असल्याने आकडा खाली-वर होतो. आकडा १५ च्या पुढेच राहू लागला, तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीतील पाणी उडू लागले आहे, असे समजावे.

त्यानंतर हेडलाइट, पंखा आणि एसी सुरू ठेवून इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर धरावे. व्होल्टेज १३ च्या खाली घसरले, तर अर्थिंग तपासावे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवल्यास ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसू नये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. विजेचा परतीचा मार्ग म्हणजे अर्थिंगची जाड पट्टी. इंजिन उतरवून पुन्हा बसविताना ही पट्टी विसरली जाते किंवा रंगावरच आवळली जाते. गंज व रंग खरवडून ती घट्ट बसविणे हा सर्वांत स्वस्त आणि बरेचदा पुरेसा उपाय असतो. डायनमो ते बॅटरीचे धन टोक या वायरवरही अशीच चाचणी घ्यावी. फॅन बेल्टचा ताण याच वेळी पाहावा.

डॅशबोर्डवरील बॅटरीच्या दिव्याकडे सहसा दुर्लक्ष होते. अनेक जुन्या गाड्यांत डायनमोला जागविणारा सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून जातो. हौसेने नवे मीटर बसविताना हा दिवा निघाला, की डायनमो धडधाकट असूनही चार्जिंग होत नाही. चावी फिरविल्यावर दिवा लागणे आणि इंजिन सुरू होताच विझणे, ही त्याची खूण.

इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर डायनमोतील डायोड संशयास्पद ठरतो.

रात्रीची गळती

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणक थोडी वीज घेतात; ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबल्यावरच हे मोजमाप घ्यावे. म्युझिक सिस्टीमचा अॅम्प्लिफायर किंवा टर्बो टायमर चुकीचा जोडल्याने प्रवाह ५०० मिलिअँपिअर झाला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. एकेक फ्यूज काढून पाहिल्यास दोषी जोडणी सापडते.

वायर आणि सुरक्षा

पेट्रोल पंपाला दहा अँपिअर लागत असतील आणि एक चौरस मिलिमीटरची वायर चार मीटर नेली, तर एका बाजूलाच सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातात. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. प्रत्येक नव्या जोडणीला रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. टर्बोलगतच्या वायरींवर उष्णतारोधक आवरण चढवावे. तेथे साधी टेप टिकत नाही आणि उघडी पडलेली वायर आगीला निमंत्रण देते.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून डायनमो 'तपासण्याची' जुनी पद्धत टाळावी. त्यामुळे व्होल्टेज क्षणार्धात कित्येक पटींनी उसळून गाडीचा संगणक जळू शकतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ ठिणगी पडू देऊ नये.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. वायरिंगची दुरुस्ती हा देखभालीचा भाग आहे. परंतु मुळात टर्बो नसलेल्या गाडीला तो बसविणे किंवा इंजिन बदलणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येते. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे गाडी एमएच-२७ची असो वा एमएच-३०ची, अशा कामाआधी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे हिताचे. बॅटरी, अर्थिंग, डायनमो, गळती या क्रमाने तपासणी झाली, तर नव्या बॅटरीचा खर्च अनेकदा वाचतो आणि त्याहून महाग असलेले इंजिनही.