मागल्या गाडीचा ब्रेक

अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात बेलॉइट नावाचे जे गाव आहे, तेथील आर्थर वॉर्नर या गृहस्थांनी बंधूंच्या साहाय्याने मोटारीचा वेगमापक सिद्ध करून द्रव्य मिळविले, 1909 साली हौसेखातर विमानही उडविले, आणि वेगाची हौस अशी यथास्थित फिटल्यावर, तो आवरण्याकडे लक्ष वळवून 1927 साली विजेच्या ब्रेकचा कारखाना काढला.

मागे जोडलेल्या गाडीचा भार, पुढली थांबू लागताच, तिलाच ढकलू लागतो. वॉर्नरांच्या रचनेत चाकाच्या ड्रमलगत विद्युत्‌चुंबक असतो; प्रवाह सोडताच तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याबरोबर फरफटतो आणि आपल्या दांड्याने ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो; म्हणजे बळ सारे चाकाचेच, वीज केवळ हुकूम पोचविणारा हरकारा.

मोटारीची पुढली चाके वर चढवून पट्ट्यांनी जखडणाऱ्या दुचाकी डॉलीलाही पुढे हीच योजना लागू पडली. तीतील मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी तजवीज म्हणजे डॉलीवरची छोटी बॅटरी: जोड तुटून डॉली मोकाट सुटलीच, तर ताणलेली तार खिटी उपसते आणि चालकाच्या हुकुमाची वाट न पाहता ब्रेक लागतात.