विधिव्यवसायनीती

वकिलाची बांधिलकी पक्षकाराशी असते, तशीच न्यायालयाशीही. या दोहोंचा मेळ राखणारे आचारनियम म्हणजे विधिव्यवसायनीती. भारतात १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने शिस्तभंगाच्या कारवाईचे अधिकार विधिज्ञ परिषदांना दिले. म्हणजे वकिलांचा न्याय वकिलांनीच करावयाचा. ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे मुंबईतील एका प्रकरणात दिसून आले. फौजदारी न्यायालयाच्या दाराशी पक्षकारांना गाठून खटल्याचे कागद अक्षरशः हिसकावून घेणाऱ्या काही वकिलांना महाराष्ट्र परिषदेने दोषी ठरविले. भारतीय परिषदेच्या शिस्तपालन समितीने मात्र नियमाचा अतिसंकुचित अर्थ लावून त्यांना निर्दोष मानले. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ अमान्य केला. विधिशिक्षणाच्या २००८ च्या नियमांनुसार व्यवसायनीती हा विषय अनिवार्य असून त्यात अशा समित्यांची ५० निवडक मते व सर्वोच्च न्यायालयाचे १० प्रमुख निर्णय अभ्यासासाठी नेमले आहेत.