धंदा एकटीचा, कर्ज मात्र एकटीने घेऊ नये



मागच्या बैठकीत वाढवणच्या एका ताईने विचारलं, "सुक्या बोंबलाचा धंदा करायचाय, एकटीने. खर्च किती येईल?" आम्ही वही काढली. पण आकडे मांडण्याआधी आपल्याआधीच्या बायकांची गोष्ट सांगितली. तीच आज सांगतो.

कर्जाची भीती आपल्या डहाणू-तलासरीला नवी नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली माणूस सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबायचा, त्याची बायकोही राबायची. 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले, ते या वेठीविरुद्ध.

आता मुंबईच्या गिरणगावात चला. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकटे राहायचे. त्यांना जेवू घालायला बायका आपल्याच खोलीत खानावळ चालवायच्या. प्रत्येकीची खानावळ तिची एकटीची. पैसे पगार झाल्यावर यायचे, तांदूळ-डाळ मात्र रोज लागायची. मग वाण्याकडे उधारी, दागिने गहाण. पहाटेपासून राबून मिळालेलं व्याजातच जायचं.

1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 लाच झालं होतं, पण गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँक उभी करत नव्हती. मंडळाच्या पाठबळावर पहिल्या 14 जणींना प्रत्येकी 1,500 रुपये मिळाले. खानावळी वेगळ्याच राहिल्या. एकत्र आल्या त्या कर्जापुरत्या.

पुढे जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. कितीतरी कामगार गावी परतले. गिऱ्हाईक गेलं की धंदा थांबतो, हप्ता थांबत नाही. हा धोकाही खर्चातच धरायचा असतो.

आता आपल्या ताईचा हिशोब. बोंबील वलांडीवर वाळवायचे उन्हाळ्यात, विकायचे पावसाळ्यात, मासेमारी बंद असते तेव्हा. म्हणजे पैसा तीन महिने अडकणार.

समजा, माल 8,000 रुपयांचा. टेम्पो, ताडपत्री, पिशव्या 1,500. एकूण 9,500. विक्री 13,000. ताई म्हणाली, "3,500 सुटले!"

आम्ही म्हटलं, थांब. सावकाराचं व्याज महिन्याला शेकडा 5 धरलं, तर तीन महिन्यांचे 1,425 झाले. उरले 2,075. आणि तुझे 10 दिवस? दुसरीकडे 300 रुपये रोजाने गेली असतीस तर 3,000 मिळाले असते. म्हणजे 925 रुपयांचा तोटाच. तेच पैसे गटातून शेकडा 1 ने घेतले, तर व्याज 285. उरतात 3,215. तुझी मजुरी निघून वर 215.

ताई गप्प झाली. आम्हीही झालो, कारण आमच्यापैकी कितीजणींनी आपली मजुरी कधी वहीत लिहिलीच नव्हती.

अजून एक गोष्ट. एकटीच्या मालकीत धंदा आणि बाई कायद्याने वेगळ्या नसतात. धंदा बुडाला तरी कर्ज आपल्याच डोक्यावर, घरातून फेडावं लागतं. म्हणून धंद्याची वही आणि घरखर्चाची वही वेगळी ठेवा, दोन हप्ते बाजूला ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

शेवटी ताईने ठरवलं, पहिल्या वर्षी निम्माच माल, पैसे गटाचे. वहीत पहिली ओळ तिने स्वतः लिहिली: "माझी मजुरी, रोज 300."

तुमच्या वहीत ही ओळ आहे का? आज रात्री बघा.