0.60 ही रेष आली कुठून? स्पिनेलच्या क्रोमियम नंबरची गोष्ट

प्रावरणातल्या खडकांवर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक आकडा तुम्हाला वारंवार भेटेल: 0.60. स्पिनेलचा क्रोमियम नंबर याच्या वर असेल तर खडक द्वीपचापाखालचा, खाली असेल तर मध्य-महासागरीय रिजचा, असं सीनियर्स सांगतात आणि आपण वहीत लिहून घेतो. मीही घेतलं होतं. मूळ पेपर उघडायला मात्र मला दीड वर्ष लागलं. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

आधी वाद काय होता ते बघू. 1972 च्या पेनरोज परिषदेत ओफिओलाइटची व्याख्या ठरली: तळाशी पेरिडोटाइट, वर गॅब्रो, डाइक आणि उशांच्या आकाराचा लाव्हा. हे सगळं रिजवर तयार झालेलं सागरतळाचं कवच, असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. पण 1973 मध्ये अकिहो मियाशिरो यांनी लाव्हाच्या रसायनावरून मांडलं की सायप्रसचा ट्रूडोस ओफिओलाइट बहुधा द्वीपचापात तयार झाला. मोठा वाद झाला. समुद्राच्या पाण्याने बदललेल्या लाव्हावर भरवसा किती ठेवायचा?

मग पेरिडोटाइटला विचारावं, तर त्यातल्या ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन झालेलं असतं. बऱ्याचदा टिकून राहतो तो स्पिनेल, निदान त्याचा गाभा तरी. हा खनिज खडकाच्या जन्माचा पुरावा होऊ शकतो, हे टी. एन. अर्व्हाइन यांनी 1965 आणि 1967 च्या दोन पेपरांत सविस्तर मांडलं होतं. इतका बारीक कण मोजायला लागणारा इलेक्ट्रॉन प्रोबही तोवर आला होता. त्याचा पाया म्हणजे रेमों कास्तँ यांचा 1951 चा प्रबंध. हो, पीएच.डी.चाच!

यामागचं तत्त्व सोपं आहे. प्रावरण वितळतं तेव्हा अॅल्युमिनियम द्रवात निघून जातं, क्रोमियम बरंचसं मागे राहतं. म्हणून वितळण जास्त, तर क्रोमियम नंबर जास्त. क्रोमियमचे अणू भागिले क्रोमियम अधिक अॅल्युमिनियमचे अणू, म्हणजे हा नंबर.

1984 मध्ये हेन्री डिक आणि थॉमस बुलन यांनी सागरतळावरून आणलेल्या पेरिडोटाइटांचे स्पिनेल तपासले. त्यांचा क्रोमियम नंबर 0.60 च्या वर जात नव्हता. आपली रेष आली ती इथून. आता नीट वाचा. त्यांनी जमिनीवरच्या पेरिडोटाइटांचे दोन नव्हे, तीन गट केले: 0.60 च्या खालचे, वरचे आणि दोन्हीकडे पसरलेले. म्हणजे 0.60 च्या वरचा स्पिनेल साध्या रिजच्या विरुद्ध साक्ष देतो. पण खालचा स्पिनेल ‘मी रिजचाच’ असं सांगत नाही. कमी वितळलेलं प्रावरण द्वीपचापाच्या परिसरातही सापडतं. वहीतलं वाक्य अर्धंच खरं होतं.

आता माझी चूक. एका कणात क्रोमियम ऑक्साइड 42 टक्के आणि अॅल्युमिनियम ऑक्साइड 26 टक्के आलं. मी सरळ 42 भागिले 68 केलं. उत्तर 0.62, द्वीपचाप! आनंदाने स्लाइडसुद्धा बनवली. पण प्रोब देतो ते वजनाचे टक्के, आणि आपल्याला हवेत अणू. 42 ला 152 ने आणि 26 ला 102 ने भागा (हे त्या ऑक्साइडांचे रेणुभार), मग गुणोत्तर काढा. उत्तर येतं 0.52. एका भागाकाराने माझा खडक रेषेच्या या बाजूला आला आणि माझा निष्कर्ष गेला.

म्हणून तीन गोष्टी करा. कणाच्या गाभ्यावर मोजा. कडेला अनेकदा बदलामुळे अॅल्युमिनियम गेलेलं असतं आणि नंबर उगाच वाढतो. एका कणावर विसंबू नका, पूर्ण पसारा दाखवा. आणि कुठल्याही आलेखावर आपले ठिपके टाकण्याआधी ती रेष कोणी, कुठल्या खडकांवरून ओढली ते मूळ पेपरात वाचा. व्हायव्हात मला पहिला प्रश्न हाच आला होता.