वाळूज
छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, पुणे महामार्गालगतचे औद्योगिक उपनगर; तालुका गंगापूर. 1985 मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि परिसराचा चेहरामोहरा बदलला. मराठवाड्यातील कोरडवाहू गावांतली तरुण मुले, मागोमाग उत्तर भारतातील कामगार येथे आले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर येथे भाड्याच्या खोल्यांची दाटी झाली. लोकसंख्या शहराची, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा, असा हा विचित्र संसार. (2011 च्या जनगणनेत शहराच्या महानगरपालिका हद्दीत 11,75,116 लोक होते, ही वस्ती त्या हद्दीबाहेरची.)

या दाट वस्तीत सुरक्षिततेचा प्रश्न चोऱ्यामाऱ्यांपुरता नाही. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे येथील हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. कामाची जागाच निवारा झाली की यंत्रसुरक्षेचे नियम अपुरे पडतात.

गंभीर रुग्णांचा मोठा सरकारी आधार म्हणजे शहरातील ‘घाटी’ रुग्णालय. तेथील वैद्यकीय महाविद्यालय 1956 चे. 2020 च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात करोना कारखान्यांतून दाट वस्त्यांत पसरला, तेव्हा एका खोलीत अनेकांनी राहण्याची किंमत कळली.

आषाढी एकादशीला येथील ‘छोटे पंढरपूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विठ्ठल मंदिरात भाविकांची प्रचंड गर्दी होते.